दोरीवरची पोर पडद्यावर आली

व्हिडीओ गेमचा विषय निघाला की आपल्या घरांतून ठरलेली तक्रार ऐकू येते. पोरे अभ्यास करीत नाहीत, डोळे बिघडतात, जेवायला हाका मारून मारून आईचा घसा सुकतो. ही तक्रार खोटी नाही. तरीही, वाचक बंधू-भगिनींनो, आज या पानावर मी एका व्हिडीओ गेमविषयी लिहिणार आहे, आणि तेही त्या खेळाचा चाहता म्हणून. खेळाचे नाव 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक'. तो पुण्यात तयार झाला, २०२० साली जगभर गेला आणि त्याची नायिका आहे कसरतीचे खेळ करणारी एक मुलगी. ना राजकन्या, ना सरदाराची लेक. जत्रेत उड्या मारून दाखवणारी पोर. माझ्या मते या खेळाचे खरे मोल तिथेच आहे आणि त्यातली उणीवही तिथूनच सुरू होते.

मी पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. जन्म सातारचा, नोकरी सांगलीत. वय चाळिशीच्या पुढे. या वयात खेळ कसले खेळतोस, असे घरातले वडीलधारे विचारतात. पण आमची पिढी या खेळांबरोबरच वाढली. १९९० नंतरच्या काळात आमच्याकडे एस.टी. स्टँडच्या आसपास व्हिडीओ गेमची दुकाने निघाली होती. खाऊचा रुपया तिथे जायचा. ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही आणि जरा बरी कमाई, त्यांच्याकडे टीव्ही गेम असे. त्याच्या कॅसेटी आम्ही फुंकर मारून मारून चालवल्या. मारिओ आणि काँट्रा ही नावे आम्हाला शाळेतल्या धड्यांइतकी पाठ होती. पुढे कॉम्प्युटर क्लासला गेलो, तेव्हा सर बाहेर गेले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू व्हायचा. १९८९ सालचा हा खेळ. त्यातला तरुण कठड्याला लोंबकळतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो आणि ६० मिनिटांच्या आत राजकन्येला सोडवतो.

या साऱ्या खेळांत आपला मुलूख कुठेच नव्हता. आला तो पाहुण्यासारखा किंवा कैद्यासारखा. २००३ साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा 'द सँड्स ऑफ टाइम' हा प्रसिद्ध भाग आला. त्यात फरा नावाची भारतीय मुलगी आहे, पण ती महाराजांची कन्या आणि लढाईत धरून नेलेली. २०१७ साली 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' हा अमेरिकन कंपनीचा खेळ आला. तो चक्क पश्चिम घाटात घडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्मलेल्या माझ्यासारख्याला त्याचे केवढे अप्रूप वाटले ! पण तोही घाट बाहेरच्यांच्या नजरेतला होता. म्हणून त्याच साली पुण्यातली काही मंडळी स्वतःचा मोठा खेळ तयार करीत आहेत असे वाचले, तेव्हापासून मी वाट पाहू लागलो.

तीन वर्षांची वाट

अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड या तिघांनी २०१७ साली पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही छोटी कंपनी काढली. परदेशी कंपन्यांसाठी तुकड्या-तुकड्यांचे काम करून देणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ होते. पण गोष्ट आपली, चित्रे आपली, नाव आपले, असा जगाच्या बाजारात उभा राहणारा मोठा साहसी खेळ करणे ही निराळी गोष्ट. तिला माणसे लागतात, वर्षे लागतात आणि मुख्य म्हणजे पैसा लागतो.

तो पैसा उभा करण्यासाठी त्यांनी 'किकस्टार्टर'वर लोकवर्गणीचे आवाहन केले. तिथला नियम कडक आहे. मागितलेली पूर्ण रक्कम जमली तरच ती मिळते, नाहीतर एक पैसाही हाती येत नाही. 'राजी'ची वर्गणी पूर्ण झाली नाही. त्यानंतर काम चालू ठेवण्यासाठी श्रुती घोष यांनी आपला राहता फ्लॅट विकला. पुढे 'सुपर डॉट कॉम' हा प्रकाशक मिळाला आणि टाळेबंदीच्या त्या अवघड वर्षात, १८ ऑगस्ट २०२० रोजी, हा खेळ प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला. ऑक्टोबरमध्ये तो कॉम्प्युटरवर आणि इतर यंत्रांवर आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'द गेम अवॉर्ड्स' या मोठ्या समारंभात पहिल्या पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. पारितोषिक दुसऱ्या खेळाला गेले. तरी जगातल्या निवडक पाच नावांत पुण्यातून आलेले एक नाव होते, याचा आनंद आम्हा चाहत्यांना पुष्कळ दिवस पुरला.

गोष्ट आणि खेळ

राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू जत्रेत खेळ करतात. ती कसरती करते, तो बाहुल्यांचा खेळ दाखवतो. राखी पौर्णिमेच्या दिवशी राक्षसांची फौज येते आणि मुलांना उचलून नेते. गोलूही जातो. महाबलासुर हा त्या फौजेचा मुख्य. राजी भावाच्या शोधात निघते. दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो, पुढे धनुष्य आणि इतर शस्त्रे मिळतात. दुर्गा आणि विष्णू वरून तिची वाटचाल पाहत असतात आणि आपसात बोलत गोष्ट पुढे सांगतात.

चित्रे पाहून डोळे निवतात. राजस्थानी किल्ले-महालांची बांधणी, पहाडी चित्रशैलीतले रंग, जाळीच्या खिडक्या, कमळांची तळी. गोष्टीचे मधले भाग बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितले आहेत. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. तो ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही पद्धत लगेच ओळखीची वाटेल. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे, पण त्यात आपली वाद्ये कानाला परकी वाटत नाहीत.

आता खेळण्याविषयी. राजी भिंतीवरून धावते, कठड्यांना लोंबकळत पुढे सरकते, खांबाला धरून गरकन फिरते आणि त्या फिरण्याच्या जोरावर चारी बाजूंच्या राक्षसांना आडवे करते. हा डाव मला सर्वांत आवडला. कारण त्यात शस्त्रापेक्षा तिच्या अंगातली कला मोठी दिसते. खांब बघायचा, अंतर मोजायचे, झेप घ्यायची. जत्रेत पोटासाठी शिकलेली कसरत इथे तिला जिवंत ठेवते.

दुसरी आवडलेली गोष्ट राखीची. आपल्या आजूबाजूला राखीचा अर्थ असा सांगतात, की बहिणीने भावाला बांधायची आणि भावाने तिचे रक्षण करायचे. या खेळात ते उलटे झाले आहे. भाऊ पकडला गेला आहे आणि बहीण एकटी त्याला सोडवायला निघाली आहे. यावर कुठे भाषण नाही. तीच निघते, इतकेच. मुलगी म्हणजे सांभाळायची वस्तू, हे ज्या मुलांनी घरात ऐकलेले असते, त्यांनी पाच-सहा तास राजीच्या पायांनी धावणे हे चांगले शिक्षण आहे असे मला वाटते.

सांगलीची सर्कस, सातारची दोरी

राजीची जत्रा पाहताना मला आपलीच माती आठवत राहिली. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात, ते विष्णुपंत छत्रे मूळचे आताच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. इटलीच्या कियारिनीची सर्कस पाहून त्यांनी १८८० साली मुंबईत 'द ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पुढे याच जिल्ह्यातल्या म्हैसाळच्या देवलांची सर्कसही गाजली. म्हणजे तंबूतल्या कसरतींचे माहेर आपल्याच कृष्णाकाठी आहे.

पण तंबूतल्या सर्कशीच्याही आधीपासून रस्त्यावरची एक सर्कस चालत आली आहे. डोंबारी आणि कोल्हाटी समाजाची. दोन बाजूंना बांबूंच्या कैच्या, मध्ये ताणलेली दोरी, खाली बाप ढोलकी वाजवतोय आणि वर आठ-दहा वर्षांची मुलगी हातात आडवी काठी धरून चालतेय. आठवडी बाजारात आणि यात्रांत हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. टाळ्या वाजवल्या, थाळीत नाणे टाकले आणि पुढे गेलो. ती मुलगी दुसऱ्या दिवशी कुठे होती, शाळेत तिचे नाव होते का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले ? भटक्यांचे जगणे मराठी वाचकांपुढे आले ते सातारा जिल्ह्यातल्या लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मुळे, १९८० साली. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ चे. त्याआधी या माणसांच्या कलेला लोकांच्या टाळ्या मिळत होत्या, माणूस म्हणून त्यांची दखल मात्र कोणी घेत नव्हते.

रविवारी आम्ही काही कार्यकर्ते पालांवर जातो. मुलांचे शाळेतले दाखले, आईबापांचे जातीचे दाखले, रेशनकार्ड अशी कामे असतात. एकदा मी लॅपटॉप सोबत नेला होता. काम संपल्यावर मुलांना 'राजी' दाखवला. दहा वर्षांची एक मुलगी होती. स्वतः दोरीवर चालणारी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, हिच्या हातात काठी न्हाई, तरी तोल कसा जात न्हाई ?" मी म्हटले, "बाळा, खेळच आहे तो." तिला ते पटले नाही. पण राजीने खांबाला गरका घेतला, तशी ती हसली आणि म्हणाली, "ह्ये मातूर खरं हाय. आमची ताई बांबूला आशीच फिरायची." मग तिने स्वतः खेळायला घेतले. उडीचे अंतर तिला डोळ्यांनीच कळत होते. माझा पुतण्या जिथे पाच वेळा पडला होता, तिथून ती दुसऱ्या प्रयत्नात पार गेली.

मी अनेक जाणकारांची 'राजी'वरची मते वाचली आहेत, पण इतके नेमके मत वाचले नाही. राजीची कला खरी आहे, हे तिने ओळखले. आणि राजीच्या जगण्यातून काहीतरी काढून टाकले आहे, हेही तिने ओळखले. तिच्या दृष्टीने ती काठी होती.

जमा आणि नावे

कारकुनाच्या सवयीने मी दोन्ही बाजू मांडतो. जमेच्या बाजूला चित्रे, संगीत, राजीची चपळाई, बहिणीने भावाला सोडवायला जाणे आणि कसरतीच्या पोरीला नायिका करणे. हे सगळे मोठ्या अक्षरांत लिहावे असे आहे.

नावे बाजू अशी. खेळ लहान आहे. पाच-सहा तासांत संपतो, आणि संपतो तो ऐन रंगात. तीन वर्षे वाट पाहिलेल्या चाहत्याला असा शेवट म्हणजे जेवणाच्या पंगतीतून भाताआधी उठवल्यासारखे. लढाया काही ठिकाणी एकसारख्या वाटतात. कॅमेरा आपल्याला वळवता येत नाही, त्यामुळे कधी कधी उडीचा अंदाज चुकतो. मूळ खेळातले संवाद इंग्रजीत आहेत आणि या मुलुखातल्या मुलीच्या तोंडी ते उपरे वाटतात. २०२२ साली सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात हिंदी आवाज दिला आहे. तो जास्त शोभतो.

पण माझी मोठी तक्रार वेगळी आहे. राजी ही देवांनी निवडलेली मुलगी आहे. तिचे शस्त्र वरून येते, तिची ताकद वरून वाढते आणि तिच्या धडपडीवर वरूनच चर्चा चालते. ज्या पोरीने हातापायांनी कमावलेली विद्या आहे, तिच्या यशाचे श्रेय शेवटी तिच्याकडे पुरते राहत नाही. तिची जमात कोणती, ती कुठे राहते, जत्रा संपल्यावर काय खाते, हे खेळ विचारत नाही. अद्भुत गोष्टीत भुकेचा हिशेब मागू नये, हे मलाही कळते. परंतु गावोगाव फिरणारी मुलगी नायिका केली, तर तिच्या पालाचा एखादा कोपरा दिसायला हवा होता.

आपल्यातले काही बांधव विचारतील, की मग हा देवदेवतांचा खेळ आपल्या घरात हवाच कशाला ? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की गोष्ट ही गोष्ट म्हणून पाहावी आणि मुलांनाही तसे पाहायला शिकवावे. आपली मुले 'गॉड ऑफ वॉर' खेळतात, तेव्हा ती ग्रीक देवांची पूजा करू लागत नाहीत. खेळ बंद केल्यावर शेजारी बसून विचारावे : इथे काम कोणी केले, आणि नाव कोणाचे झाले ? हा प्रश्न विचारायची सवय लागली तर मुलांना पुढे खेळाबाहेरही ती उपयोगी पडेल.

आणि आपल्याकडेही गोष्टी आहेतच. महाजनक जातक घ्या. सुवर्णभूमीला निघालेले जहाज समुद्रात फुटते. महाजनक सात दिवस पोहत राहतो. किनारा दिसत नाही. समुद्राची रक्षक मणिमेखला सात दिवसांनंतर येते आणि विचारते, की तीर दिसत नसताना ही धडपड कशासाठी ? तो सांगतो, की अंगात बळ आहे तोवर प्रयत्न सोडणार नाही. त्या उत्तरावर ती त्याला उचलून मिथिलेला नेते. म्हणजे इथेही वरची मदत आहे, पण ती शेवटी आहे. आधी माणसाचे हातपाय. राजीच्या गोष्टीत हा क्रम उलटा आहे. दोन गोष्टींतला हा फरक एखाद्या रविवारी विहारात मुलांपुढे मांडून पाहा. मुले स्वतःच वाद घालू लागतील.

अशा गोष्टींचा खेळ होऊ शकतो का ? 'राजी' बाजारात आल्यानंतर दोनच दिवसांनी, २० ऑगस्ट २०२० रोजी, चीनमधल्या एका कंपनीने 'ब्लॅक मिथ : वुकाँग' या खेळाची पहिली झलक दाखवली. ज्या जुन्या चिनी कादंबरीवर तो आधारला आहे, तिच्यातला भिक्खू ह्युएन-त्सांगवर बेतलेला आहे. सातव्या शतकात भारतात येऊन महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा तोच हा प्रवासी. हा खेळ २० ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. त्यांची गोष्ट आपल्या देशाच्या दिशेने चालत येते. आपण मात्र कऱ्हाडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात पन्नासहून अधिक बौद्ध लेणी असूनही तिथे सहलीचा डबा खाऊन परत येतो. त्या लेण्यांतून एखादी राजी धावत का जाऊ नये ?

आपल्या पोरींसाठी

आता घरचे बोलतो. माझी मुलगी अकरावीत आहे. हात चित्रकलेचा. 'राजी' पाहिल्यापासून तिला खेळांची चित्रे काढायचे शिकायचे आहे. नातेवाईक म्हणतात, सरकारी नोकरीची तयारी करू दे, हे नाद श्रीमंतांचे. मी त्यांना हसत नाही. श्रुती घोष यांनी जिद्दीने फ्लॅट विकला, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कारकुनाच्या डोक्यात लगेच पुढचा आकडा येतो : विकायला फ्लॅट असावा लागतो. आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत पहिल्या पिढीची एक नोकरी आणि एक कर्जाचा हप्ता, इतकीच शिल्लक असते. धाडस आपल्या पोरांतही आहे. पडल्यावर टेकायला जागा नाही.

म्हणून मी मुलीशी करार केला आहे. पदवी पूर्ण करायची आणि तिच्याबरोबरच हे शिक्षणही घ्यायचे. घरातला कॉम्प्युटर संध्याकाळी दोन तास तिचा. त्या वेळात पुतण्यानेही मागायचा नाही आणि मीही नाही. 'राजी'चा चाहता म्हणून मला हा त्याग जड जातो, पण तो करतो आहे.

एक व्यवहाराची सूचना करतो. बऱ्याच विहारांत आणि अभ्यासिकांत आता एखादा कॉम्प्युटर आला आहे. त्यावर बहुधा मुलगेच बसलेले दिसतात. आठवड्यातले दोन दिवस मुलींसाठी ठेवा. चित्रे काढण्याची आणि साधे खेळ बनवण्याची काही साधने फुकट मिळतात, ती त्यावर घाला. आणि जवळ पाल पडले असेल, तर तिथल्या मुलीही बोलवा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणायचे आदेश दिले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला. दोरीवरून उतरलेल्या मुलीला खाली कोणीतरी हात धरून वर्गापर्यंत न्यायचे असते. ते काम कायद्याचा कागद करीत नाही, माणसे करतात.

आमच्या पालावरच्या त्या मुलीचे नाव यंदा शाळेच्या हजेरीपटावर चढले आहे. कामासाठी पाल हलले तर दाखला मागे राहू नये, म्हणून त्याची एक प्रत मी फाईलला लावून ठेवली आहे. पुढे कोणी 'राजी'सारखा खेळ करायला घेतला, तर तोल कसा जातो आणि काठी कुठे धरायची, हे सांगायला अशी एखादी मुलगी त्या खोलीत बसलेली असावी. नुसती माहिती देणारी म्हणून नव्हे, खेळाच्या शेवटी जी नावे येतात त्यांत तिचे नाव असावे. त्या खेळाची वाट मी 'राजी'पेक्षाही जास्त वर्षे पाहायला तयार आहे.